वीस मिनिटांचा प्रहर

गायक दत्तात्रेय विष्णु पलुस्कर २६ ऑक्टोबर १९५५ला गेले, तेव्हा ते अवघे ३४ वर्षांचे होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये उस्ताद अली अकबर खाँ न्यूयॉर्कला होते. व्हायोलिनवादक येहुदी मेन्यूहिन यांच्या आग्रहावरून ते तिकडे गेले, आणि त्या मुक्कामात त्यांच्या सरोदवादनाची एक तबकडी तयार झाली. मेन्यूहिन यांनी सुरुवातीला बोलून परक्या श्रोत्यांना राग, ताल, वाद्यं यांची ओळख करून दिली. मग एका बाजूला सिंधू भैरवी, दुसऱ्या बाजूला पिलू. तबल्यावर चतुरलाल. हिंदुस्थानी संगीताची ही पहिली एलपी, म्हणजे लांब वाजणारी तबकडी. पलुस्कर ज्या वर्षी गेले त्याच वर्षी त्यांच्या कलेला हवी तशी तबकडी अस्तित्वात आली होती, पण सातासमुद्रापलीकडे. त्यांच्या वाट्याला आली ती तीन मिनिटांची ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांची, रेकॉर्ड आणि आकाशवाणीच्या फिती. पुढे बाजारात आलेल्या त्यांच्या एलपी बव्हंशी त्या फितींमधूनच काढलेल्या.

साठच्या दशकातल्या एलपींबद्दल बोलताना मला पलुस्करांपासून सुरुवात करावीशी वाटते, कारण आपल्याकडे या तबकडीचं कौतुक नेहमी यंत्राच्या अंगानं होतं: आवाज स्वच्छ, खरखर कमी, फुटत नाही. हे सगळं खरंच आहे. पण गवयाच्या दृष्टीनं मूळ गोष्ट एकच होती. तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांवरून वीस मिनिटांवर गेली. त्या वीस मिनिटांत कुणी काय केलं, याचाच इतिहास म्हणजे त्या दशकातल्या उत्तम तबकड्यांचा इतिहास.

१९०२च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गनं कलकत्त्यात गौहरजानचा आवाज मेणावर कोरून घेतला. तेव्हापासून पन्नास-साठ वर्षं आपलं गाणं तीन मिनिटांच्या मापानं विकलं गेलं. तबकडी लाखेची. ती लाख इथल्याच, छोटा नागपूरच्या जंगलांतली. माल आपला, गाणं आपलं, माप मात्र साहेबाचं. अनेक बुजुर्गांना ते माप मान्य नव्हतं. अल्लादिया खाँसाहेबांनी कधी रेकॉर्ड दिली नाही. भास्करबुवा बखलेही १९२२ साली आवाजाची खूण मागे न ठेवता गेले. विद्या चोरीला जाईल ही भीती होतीच. शिवाय ज्या गाण्याची मांडणीच तासाभराची, त्याचा तीन मिनिटांत चुरा करायचा कशाला, हाही सवाल होता. तो मला अवाजवी वाटत नाही.

तरी तीन मिनिटांना कमी लेखायचं कारण नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत, १९३४ ते ३६च्या दरम्यान, ओडियनसाठी जे गाऊन ठेवलं त्यातली झिंझोटीची ठुमरी आणि भैरवी ऐकताना घड्याळाकडे लक्षच जात नाही. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात धाडलेल्या सोनेरी तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे. तीही साडेतीन मिनिटांचीच. ठुमरी, नाट्यपद, भजन, भावगीत यांना ते माप मानवलं. अडलं ते ख्यालाचं, त्यातही विलंबित ख्यालाचं.

हिशेब करून पाहावा. अतिविलंबित झुमरा तालाचं चौदा मात्रांचं आवर्तन पाऊण मिनिट घेतं असं धरलं, तर ७८च्या एका बाजूत चार-साडेचार आवर्तनं बसतात. म्हणजे मुखडा मांडला, सम दाखवली, गळा जरा कुठे षड्जाला टेकला की संपलं. म्हणून ७८वरचे ख्याल बहुधा मध्यलयीत सुरू होतात आणि लगेच तानांना हात घालतात. गवई घाईत असायचे असं नव्हे. तबकडीच घाईत असायची.

अमेरिकेत कोलंबिया कंपनीनं मिनिटाला तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्यांची विनाइलची तबकडी १९४८च्या जूनमध्ये बाजारात आणली होती. आपल्याकडे ती रुजायला दहा-बारा वर्षं गेली. ग्रामोफोन कंपनीचा, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या एचएमव्हीचा, कारखाना कलकत्त्याजवळ दमदमला. साठच्या दशकाच्या उंबरठ्यावर तिथून शास्त्रीय संगीताच्या एलपी निघू लागल्या. सोबत चुंबकीय फीत आली होती. पूर्वी ध्वनिमुद्रण थेट मेणाच्या तबकडीवर व्हायचं, चूक झाली की सगळं पुन्हा. आता फितीवर घ्यायचं, ऐकायचं, नको ते कापायचं. आपलं गाणं गाऊन झाल्यावर लगेच ऐकणं हा अनुभव अनेक गवयांना नवाच होता. तो किती जणांना सुखाचा वाटला असेल, देव जाणे.

या सगळ्या काळात एचएमव्हीच्या मुंबईच्या स्टुडिओत काचेपलीकडे एक मराठी माणूस बसलेला असे. जी. एन. जोशी. नागपूरकडचे, शिक्षणानं वकील. त्यांनी १९३२ साली गायलेली ना. घ. देशपांड्यांची 'रानारानांत गेली बाई शीळ' ही मराठी भावगीताची पहिली गाजलेली रेकॉर्ड. पुढे वकिली सुटली आणि ते कंपनीत शिरले ते निवृत्त होईपर्यंत. गवयाची मनधरणी करणं, त्याचा लहरीपणा सांभाळणं, बरोबर वेळेला चहा मागवणं आणि बरोबर वेळेला लाल दिवा लावणं ही त्यांची खरी वकिली. त्यांच्या 'स्वरगंगेच्या तीरी' या आठवणींत हे सगळं आलंच आहे. जोशी स्वतः तीन मिनिटांच्या युगात गायलेले. वीस मिनिटांचं मोल त्यांना इतरांपेक्षा जास्त कळलं असणार.

दशकाच्या तोंडावरच, १९६०मध्ये, उस्ताद अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची तबकडी आली. माझ्या लेखी त्या दशकाची गुढी तिनंच उभारली. अमीर खाँसाहेबांचा आवाज तोवर घरोघर पोचला होता तो सिनेमामुळे. 'बैजू बावरा'त पलुस्करांबरोबरची जुगलबंदी, वसंत देसाईंच्या संगीतातलं 'झनक झनक पायल बाजे'चं शीर्षकगीत. पण खाँसाहेबांचं खरं गाणं सिनेमाच्या अगदी उलट टोकाचं. मंद्रात रुतून बसणारं, झुमऱ्याच्या त्या लांबलचक आवर्तनात एकेक सूर जोखत पुढे सरकणारं. ७८वर ते गाणं येणं शक्यच नव्हतं. त्यांच्यापुरती एलपी ही सोय नव्हतीच, अट होती.

मारव्यात पंचम नाही, आणि षड्जावर फार वेळ बसायचं नाही. घर असून घरी न जाणारा राग. कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत यांच्या मधल्या मोकळ्या जागेत गाणाऱ्याला उभं राहावं लागतं. खाँसाहेब तिथे इतक्या शांतपणे उभे राहतात की ऐकणाऱ्यालाच अस्वस्थ व्हायला होतं. तानेची वेळ येते तेव्हा ती मेरुखंडाच्या वाटेनं येते, म्हणजे त्याच चार-पाच सुरांची उलटीपालटी मांडणी करत. पण ती गणिताची म्हणून जाणवत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते वीस मिनिटांत तासाभराचं गाणं कोंबायला जात नाहीत. अंतरा धावत उरकलेला नाही, शेवटी सरगमीची आतषबाजी नाही. खाँसाहेबांनी तबकडीचं माप ओळखलं आणि त्या मापाचाच एक वेगळा ख्याल बांधला. मैफिलीतला त्यांचा मारवा ऐकलेली जुनी मंडळी सांगत की तो यापेक्षा मोठा होता. असेलही. पण या तबकडीतला मारवा त्याचा तुकडा वाटत नाही.

तबकडी उलटली की दरबारी. इथे एलपीनं केलेला एक गुपचूप बदल दिसतो, आणि त्याबद्दल त्या काळी फारसं कुणी बोललं नाही. मारवा दिवेलागणीचा, दरबारी मध्यरात्रीचा. या दोघांत आता तबकडी पालथी करायला लागतो तेवढाच वेळ उरला. अली अकबर खाँच्या त्या पहिल्या तबकडीचं नावच सकाळचे आणि संध्याकाळचे राग असं होतं. भीमसेन जोशींच्या सुरुवातीच्या एका एलपीवर एकीकडे ललत आणि दुसरीकडे शुद्धकल्याण, म्हणजे एक पहाटेचा, एक रात्रीच्या पहिल्या प्रहरातला. बैठकीत हे कधी झालं नसतं. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवात लोक रात्रभर थंडीत घोंगड्या पांघरून बसत, त्याचं एक कारण हे होतं की ललत ऐकायचा तर पहाटेपर्यंत जागायला हवं. आता दुपारी जेवण झाल्यावर पानाची चंची उघडतानाही ललत ऐकू येऊ लागला. प्रहराचं बंधन कर्मठांनी मोडलं नाही, नास्तिकांनीही मोडलं नाही. ते मोडलं कंपनीच्या वेष्टनावरच्या 'बाजू एक, बाजू दोन'नं.

मला यात तक्रार करण्यासारखं काही दिसत नाही. कामावरून संध्याकाळी सातला घरी येणाऱ्या माणसाला तोडी कधी ऐकायला मिळणार? तबकडीनं त्याची सोय केली. पण या सोयीमुळे रागाच्या वेळेची जाणीव कानातून सरकून माहितीच्या खणात गेली, हेही खरं.

भीमसेनजींच्या बाबतीत एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. त्यांच्या साठच्या दशकातल्या एलपी उत्तम आहेत, आवाज तर ऐन भरात. पण त्यांचं गाणं तबकडीच्या मापात मावत नसे. गाणं तापायला लागलं की बाजू संपते. कुमार गंधर्वांचं नेमकं उलट. क्षयानं एक फुप्फुस निकामी झालेल्या या माणसानं देवासला अंथरुणावर पडल्यापडल्या माळव्याची लोकगीतं ऐकत ज्या गायकीचा विचार केला, तिच्यात बंदिश हाच राग. पाच-सात मिनिटांत ते संपूर्ण गाऊन मोकळे होत, आणि ऐकणाऱ्याला काही राहून गेलंसं वाटत नसे. त्यांना ना तीन मिनिटांचा जाच, ना वीस मिनिटांची गरज.

आणि किशोरीताई. मोगूबाई कुर्डीकरांची लेक, म्हणजे अल्लादिया खाँसाहेबांच्या थेट परंपरेतली. ज्या खाँसाहेबांनी रेकॉर्डच्या भोंग्याकडे पाठ फिरवली त्यांच्याच. जयपूरची गायकी ही पेचदार, लयीशी घट्ट बांधलेली. तिच्यात निवांत आलापीला तशी जागा कमी. किशोरीताईंनी ती जागा स्वतः करून घेतली, आणि घराण्यातल्याच अनेकांच्या भुवया उंचावल्या. दशकाच्या उत्तरार्धात त्यांची बागेश्री आणि भूप यांची एलपी आली. भूप पाच सुरांचा, पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायचा राग. त्याला मध्यम नाही, निषाद नाही, लपायला आडोसाच नाही. तो त्यांनी विलंबितात अशा काही सावकाशीनं उलगडला की सोपा म्हणून हिणवलेल्या रागाचं वजन सगळ्यांना कळलं. पाठोपाठ त्यांची स्वतःची 'सहेला रे' ही द्रुत बंदिश.

या तबकडीचं पुढे जे झालं ते एलपीच्या यशाचं आणि तिच्या शापाचंही उदाहरण आहे. लोकांनी ही बाजू इतकी झिजवली की प्रत्येक हरकत पाठ झाली. मग मैफिलीत तीच फर्माईश, आणि मनात तुलना तबकडीशी. ज्या गायिकेला एकच राग दोनदा सारखा गाणं जमायचं नाही, जमवायचंही नव्हतं, तिच्यापुढे लोक एक गोठलेला भूप घेऊन बसू लागले. त्याआधी 'कालची बैठक' ही आठवणीत रंगत जाणारी गोष्ट होती. आता पुरावा हातात होता.

हे सगळं ऐकणारे किती होते, याबद्दल आज उगाच मोठी कल्पना करून घेतली जाते. एलपी महाग होती, ती वाजवायचं यंत्र त्याहून महाग. रेडिओग्राम असलेलं घर चाळीत बहुधा नसेच, आणि वाड्यात असलं तर मालकाकडे. एचएमव्हीचा 'फिएस्टा' हा पेटीसारखा प्लेअर मध्यमवर्गात आला तेव्हा जरा सुधारलं. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये, १९४८पासूनच्या त्या दुकानात, काचेच्या खोक्यात उभं राहून रेकॉर्ड ऐकता येई. ऐकणारे पुष्कळ, घेणारे मोजके. बाकीच्यांना एलपी भेटली ती रेडिओतून. १९५७ला विविध भारती सुरू झालं होतं, आणि आकाशवाणीच्या केंद्रांवर शास्त्रीय संगीताच्या वेळेत तबकड्या लागत. खेड्यातल्या मुलानं मारवा ऐकला तो असा. तिथे निदान निवेदक वेळेचं भान ठेवून संध्याकाळचा राग संध्याकाळीच लावायचा.

मग १९६७. पश्चिमेत रविशंकरांच्या नावाची लाट आली होती. मॉन्टेरीचा जलसा त्याच जूनमधला, मेन्यूहिनबरोबरची त्यांची तबकडीही त्याच वर्षीची. त्या लाटेबद्दल इतकं लिहिलं गेलंय की इथे थांबायची गरज नाही. मुंबईत जी. एन. जोशींच्या डोक्यात दुसरंच काही शिजत होतं.

त्यांनी तीन जणांना गोळा केलं. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा. तिघेही तिशीच्या आसपासचे, आणि तिघांच्याही वाद्यांकडे दर्दी लोक जरा संशयानं पाहात. संतूर हे काश्मिरी सूफियाना संगीतातलं वाद्य. त्यावर काठीनं टिपका पडतो, सूर लांबत नाही, मींड निघत नाही, मग राग कसा वाजणार, हा आक्षेप शिवकुमारांनी १९५५च्या मुंबईतल्या पहिल्या कार्यक्रमापासून ऐकलेला. त्यांनी वाद्याचा स्वरमेळ बदलला, ते मांडीवर घेतलं, आणि वाजवत राहिले. गिटार तर थेट हवाईची. काबरांनी अली अकबर खाँकडे तालीम घेऊन ती रागदारीत आणली. बासरीला पन्नालाल घोषांनी मान मिळवून दिला होता, पण १९६०ला ते गेले आणि गादी मोकळी झाली. हरिप्रसाद कटकच्या आकाशवाणीतून मुंबईला आलेले, पोटासाठी सिनेमाच्या स्टुडिओत वाजवणारे. शिवकुमारांचंही तेच. तबल्याला मणिकराव पोपटकर.

या चौघांना घेऊन केलेल्या तबकडीचं नाव 'कॉल ऑफ द व्हॅली'. कल्पना साधी: काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा एक दिवस. पहाटे अहिर भैरव, त्यातून नट भैरव, मग पिलू, मग भूप, देस आणि शेवटी पहाडी. स्टीरिओमुळे संतूर एका कानाशी, बासरी दुसऱ्या.

कल्पना बाळबोध आहे असं त्या वेळी म्हटलं गेलं, आणि आजही काही जण म्हणतात. कथा सांगणारं वादन म्हणजे सिनेमाचं पार्श्वसंगीत; रागाला मेंढरांची काय गरज? जुगलबंदीतली चुरसही इथे नाही, तिघं एकमेकांना वाट करून देत वाजवतात. हे आक्षेप मला पोचतात, पण पटत नाहीत. मेंढपाळ बाजूला ठेवा आणि नुसता रागांचा क्रम पाहा. पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. ज्या तबकडीनं प्रहर मोडले होते, तिच्याच दोन बाजूंवर जोशींनी सगळे प्रहर ओळीनं मांडून ठेवले. सकाळी रेकॉर्ड लावा की रात्री, आत तिचा स्वतःचा दिवस उगवतो आणि मावळतो. अमीर खाँसाहेबांनी वीस मिनिटांचा ख्याल घडवला. जोशींनी चाळीस मिनिटांचा दिवस. हे बैठकीत करता येत नाही. ते फक्त तबकडीतच होऊ शकतं, आणि म्हणून मी तिला त्या दशकातल्या अस्सल एलपींपैकी एक मानतो. शुद्धतेच्या निकषावर ती मारव्याच्या जवळपासही जात नाही, हे मान्य करूनही.

तबकडी जगभर गेली. तिच्या चाहत्यांत जॉर्ज हॅरिसन, बॉब डिलन, डेव्हिड क्रॉस्बी ही नावं घेतली जातात. आपल्याकडे तिनं आणखी एक काम केलं. ज्यांना विलंबित ख्याल ऐकवत नसे अशा घरांत ती शिरली, आणि संतूर हे रागदारीचं वाद्य आहे की नाही हा वाद मिटला. शिव-हरी ही जोडी पुढे 'सिलसिला'पासून सिनेमाची संगीतकार झाली, तिची मुळं या सहवादनातली.

दशक संपताना परिस्थिती भराभर बदलली. मराठीत 'कट्यार काळजात घुसली' १९६७च्या डिसेंबरात रंगभूमीवर आलं आणि नाट्यसंगीताच्या रेकॉर्डींना पुन्हा बरे दिवस आले. पॉलिडोर भारतात उतरली, एचएमव्हीची एकहाती सद्दी गेली. लाखेची ७८ शेवटी आपल्याकडेही बंद पडली. जोशी निवृत्त झाले. बडे गुलाम अली खाँ १९६८ला हैदराबादेत गेले, आणि १९७४च्या फेब्रुवारीत कलकत्त्याला मोटार अपघातात अमीर खाँसाहेब. मग कॅसेट आली. तिची एकेक बाजू तीस, पंचेचाळीस मिनिटांची. खाजगी बैठकांची चोरटी मुद्रणं हातोहात फिरू लागली, आणि एका रागाला किती वेळ द्यावा हा प्रश्न गवयाच्या हाती परत गेला. त्यातून थोर मैफिली जपल्या गेल्या. पण माप ओळखून, काटछाट करून, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत विचारपूर्वक रचलेली तबकडी दुर्मिळ होत गेली.

'कॉल ऑफ द व्हॅली' १९९५ साली सीडीवर आली. सीडीत जागा भरपूर, म्हणून त्याच कलाकारांच्या आणखी तीन चिजा मागे जोडल्या: गारा, किरवाणीतली धून, बागेश्री. वादन सुरेख आहे. पण पहाडीनं दिवस मिटला होता, आणि या तिघी आल्या तेव्हा मेंढपाळ केव्हाच घरी गेलेला.